गोळी विरघळेपर्यंत

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुपारची जरा आडवी झाले होते. "ताई, तुमच्या नोकरीतलं काहीतरी थरारक लिहा," ते म्हणाले. "गर्द, पोलीस, धाडी. लोक आवडीनं वाचतात." मी हो म्हटलं आणि फोन ठेवून पुन्हा डोळे मिटले. थरारक काही आठवायला गेले तर डोळ्यांपुढे आलं ते आमच्या केंद्रातलं लांब बाकडं आणि त्यावर तोंड मिटून ओळीनं बसलेली माणसं. कुणी बोलत नाही, कुणी उठत नाही. वरचा पंखा तेवढा कुरकुरतोय. माझ्या सगळ्या नोकरीतलं मला सर्वांत जास्त आठवतं ते हेच. आता यात थरार कुठून आणू?

मी नगरमधल्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक होते. पाटीवर आता अहिल्यानगर आलं आहे, पण आमच्या केडगावच्या थांब्यावर रिक्षावाले अजूनही "नगर, नगर" असंच ओरडतात, आणि मीही सवयीनं तेच लिहिणार. आमचं केंद्र दवाखान्याच्या मागच्या अंगाला होतं, एका बाजूला शवागार आणि दुसऱ्या बाजूला धोबीखाना. जागा देणाऱ्यांना आमच्या पेशंटांविषयी काय वाटत असेल, ते यावरून ओळखावं.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण गर्द ओढणारे. काही जण वेदनाशामक गोळ्यांच्या, इंजेक्शनांच्या नादी लागलेले. लोक त्यांना गर्दुल्ले म्हणतात. आमच्या केंद्रात त्या शब्दाला बंदी होती आणि ती बंदी मी घातली होती. पहिल्याच आठवड्यात शिपायानं रांगेकडे बघून "ए गर्दुल्ल्यांनो, चपला बाहेर" असं म्हटलं, तेव्हा मी त्याला आत बोलावून विचारलं, "तुझ्या वडिलांना साखर आहे ना? त्यांना दवाखान्यात कुणी 'ए साखरुल्ल्या' म्हटलं तर?" तो हसला. पण पुन्हा म्हणाला नाही.

गर्दाचं असं असतं, की पहिले काही दिवस माणूस मजेसाठी ओढतो आणि नंतर फक्त आजारी पडू नये म्हणून ओढतो. नाही मिळालं तर नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, पोटऱ्यांत गोळे, अंगावरचं पांघरूणसुद्धा टोचतं. याला ते लोक 'टर्की' म्हणतात. त्या देशाशी याचा काय संबंध ते मला कुणी सांगू शकलं नाही. तर ही टर्की येऊ नये म्हणून सरकार एक गोळी फुकट देतं. डॉक्टरनं ठरवलेल्या मापात घेतली तर तिनं झिंग येत नाही, फक्त ओढ शांत होते आणि माणूस कामाला जाऊ शकतो. किती काळ घ्यायची? काहींना महिने लागतात, काहींना वर्षं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण "कधी सोडणार?" असं रोज विचारत नाही. यांना मात्र जो तो विचारतो.

गोळी केंद्रावर येऊनच घ्यावी लागे. सिस्टर ती बारीक कुटायच्या आणि पेशंटच्या जिभेखाली ठेवायच्या. गिळली तर वाया जाते, बोललं तर लाळेबरोबर पोटात जाते. म्हणून ती पूर्ण विरघळेपर्यंत तोंड मिटून बाकड्यावर बसायचं. मग सिस्टर बॅटरी घेऊन यायच्या. "आ करा. जीभ वर." कुणी गालात लपवून बाहेर नेऊन विकू नये म्हणून ही तपासणी. अख्ख्या जिल्ह्याच्या जिभा पाहिल्यात मी. माणसाचा चेहरा विसरेन, जीभ नाही.

मला लहानपणापासून बसल्या जागी हरवायची खोड आहे. या खोडीपायी शाळेत खडूचे मार खाल्ले आणि सासरी किती वेळा दूध उतू घालवलं त्याला गणती नाही. या नोकरीत मात्र ती खोड मला धार्जिणी झाली. एरवी भांडणारी, रडणारी, थापा मारणारी ही माणसं गोळी जिभेखाली गेली की एकदम गप्प व्हायची. खिडकीतून धोबीखान्यातल्या वाळत घातलेल्या चादरींचा पांढरा उजेड आत यायचा आणि त्या उजेडात सगळे चेहरे सारखेच दिसायचे, झोपेतून नुकत्या उठलेल्या मुलांसारखे. मी टेबलामागे बसून त्यांच्याकडे बघत कुठे कुठे जाऊन यायची.

त्या बाकड्यावर खिडकीच्या टोकाला अंकुश बसायचा. कोल्हारच्या पुढे, प्रवरेचा पूल ओलांडल्यावर आत वळलं की त्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, त्याला आजही तिथेच राहायचं आहे. तिशीतला, अंगानं काटक, टेम्पो चालवायचा. भाजी घेऊन लांब लांब जायचा आणि वाटेतल्या एका धाब्यावर, जागं राहायला म्हणून, कुणीतरी त्याला पन्नीवर गर्द ओढायला शिकवलं. आमच्याकडे आला तेव्हा टेम्पो दुसरा कुणी चालवत होता आणि बायको माहेरी गेली होती.

गोळी जिभेखाली गेली की अंकुश डोळे मिटायचा आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर हळूहळू हलायला लागायचे. डावीकडे, उजवीकडे, मध्येच एक हात खाली. मला वाटलं, झटके येतात की काय. एकदा तोंड मोकळं झाल्यावर विचारलं तर लाजला.

"गाडी चालवतो मॅडम. मनातल्या मनात. हितून निघायचं, विळद घाट, राहुरी, मंग साखरेची फॅक्टरी. गोळी हाय तवर जितकं जाता येईल तितकं."

"मग आज कुठपर्यंत गेलास?"

"राहुरीच्या अलीकडं. खड्डे लई हायेत."

मनातल्या मनातसुद्धा त्याला नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवावे लागत होते. तेव्हापासून माझा रोजचा प्रश्न ठरला, "कुठवर?" आणि त्याचं उत्तर रोज थोडं पुढे सरकायचं. महिने गेले, टेम्पो त्याच्या हातात परत आला, भाजी उतरवून तो सकाळी सकाळी केंद्रावर यायला लागला. आता तो कोल्हारच्या पुलापर्यंत पोचत होता. पुलावर आला की गोळी संपायची. घरी काही पोचायचा नाही.

मध्यंतरी आमच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर दोन जण येऊन बसायला लागले. साध्या कपड्यांत, पण पायांत पोलिसी बूट. आमच्या पेशंटांना असली माणसं लांबून ओळखू येतात. बाकडं रिकामं पडलं. मी आणि डॉक्टर त्यांच्या साहेबांकडे गेलो. साहेब माणूस तिरकस होता, पण वाईट नव्हता.

"मॅडम, आम्ही ज्यांना गावभर शोधतो ते तुमच्याकडे ओळीनं उभे असतात. मग आम्ही का वणवण करायची?"

मी म्हटलं, "साहेब, खोकल्याच्या दवाखान्यासमोर तुम्ही खोकणाऱ्याला धरता का? जो आमच्या दारात आला तो गर्द सोडायला आला. त्याला दारातच धरलं तर उद्या तो परत विकणाऱ्याच्या दारात जाईल. तिथे तुमची माणसं बसवा की."

उपचाराला आपणहून आलेल्या माणसाला संधी द्यावी असं कायद्यातही आहे, तेही डॉक्टरांनी सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, पेन टेबलावर आपटत राहिले, शेवटी म्हणाले, "बघतो." दोघं टपरीवरून उठले. पुढे त्यांतलाच एक हवालदार आपल्या मेव्हण्याला घेऊन आमच्या रांगेत उभा राहिला. मी ओळख दाखवली नाही, त्यानंही दाखवली नाही.

सगळंच असं वेळेवर जुळून आलं नाही. शेवगावहून एक बाई यायची. गावात कळू नये म्हणून इतक्या लांब बसनं. तोंडाला डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळलेली. पण गोळी घ्यायची तर ओढणी खाली करावी लागे, आणि समोर सगळे पुरुष. तिनं मला विचारलं, "बायांसाठी येगळी येळ न्हाई का हो?" मी अर्ज केला, वर पाठवला, आठवण केली, बैठकीत बोलले. बायकांसाठी दुपारची वेगळी वेळ मंजूर झाली तोवर तिनं यायचं थांबवलं होतं. त्या दुपारच्या वेळेत नंतर इतर काही जणी आल्या. पण दारातून कुणी ओढणीवाली आत आली की मी मान वर करून बघायची. ती नसायची. मला तिचं फार वाईट वाटतं.

त्या बैठकांविषयी बोलायचं तर लोकांना वाटतं, धोरण मुंबई-दिल्लीत ठरतं. ठरत असेल. पण ते खाली येतं ते अशा बैठकांमधून, जिथे बटाटेवडा थंड होत असतो आणि कुणीतरी "समूळ उच्चाटन" हे शब्द तिसऱ्यांदा उच्चारत असतं. मी दरवेळी हात वर करून विचारायची, "उच्चाटन कशाचं? गर्दाचं की ओढणाऱ्याचं?" काही जण हसायचे, काही जण घड्याळ बघायचे. माझं म्हणणं इतकंच असायचं की हा माणूस आजारी आहे, त्याला औषध हवं, आणि औषध घेतल्याबद्दल त्याची नोकरी, घर, गाव तुटू नये. मला 'गर्दवाल्या मॅडम' हे नाव त्या बैठकांतूनच पडलं. ते मी मुकाट्यानं घेतलं, थोडं अभिमानानंही.

आता अंकुशची गोष्ट.

त्याच्या गावानं नशामुक्तीचं मनावर घेतलं. गावातले भाऊसाहेब म्हणून एक मोठे बागायतदार, भला माणूस, स्वतः सुपारीही न खाणारे. त्यांनी पुढाकार घेतला. तरुण मंडळानं मोठा फ्लेक्स लावला. रविवारी खंडोबाच्या देवळात गावातल्या यच्चयावत व्यसनी माणसांना बोलावून बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर बोललेला शब्द आमच्या भागात हसण्यावारी नेत नाहीत. "कसल्याच नशेला शिवणार नाही," असं सगळे म्हणाले. अंकुशही म्हणाला. कुणीतरी मागून विचारलं, "आन् ती नगरची गोळी?" भाऊसाहेब म्हणाले, "ती बी नशाच. ती बी बंद." तेवढ्यानं भागलं नाही म्हणून त्याच्या आईनं, शेवंताबाईनं, सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावर हात ठेवून आपली शपथ घातली. गोळीला शिवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.

दारूवाल्यांनी आठवड्याभरात पळवाट काढली. शपथ गावच्या शिवेपुरती होती म्हणे, ओढ्यापलीकडे लागू नाही. त्यामुळे संध्याकाळी ओढ्यापलीकडे बरीच वर्दळ वाढली. अंकुशला असली अक्कल नव्हती. त्यानं शपथ पाळली.

मला त्यानं फोन केला. "मॅडम, मी आता येनार न्हाई. शपथ घेतलीय."

मी समजावलं. तो ऐकत होता, पण त्याचा आवाज घट्ट मिटलेल्या दारासारखा होता. टर्की आली, ती त्यानं गोठ्यात पडून काढली. गावातले लोक बघून जात आणि पाठ थोपटत. मग थोड्या दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी तो आपणहून बोलला.

"मॅडम, गाडी आपोआप त्या धाब्यापाशी थांबाया लागलीय. अजून उतरलो न्हाई. निसता थांबतो आन् निघतो."

उतरू नकोस, असं मी त्याला तीनतीनदा बजावलं. का, ते सांगते. सवय असताना जेवढं माप शरीर सहन करतं तेवढं ते सवय सुटल्यावर सहन करत नाही. पण माणसाच्या हाताला जुनंच माप आठवतं. मध्ये खंड पडलेला माणूस परत गर्द घेतो तेव्हा त्याचा श्वास थांबायचा धोका सगळ्यांत जास्त असतो, आणि ज्यानं शपथ मोडली तो तर लपून, एकटाच घेतो. हाक मारायलाही जवळ कुणी नसतं. त्या बाकड्यावरची काही माणसं आम्ही अशीच घालवली होती. अंकुश गाडीतून उतरला तर काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मी पुढच्याच रविवारी एसटीनं त्याच्या गावाला गेले.

देवळात भाऊसाहेब, मंडळाची पोरं, म्हातारी माणसं जमली होती. माझं स्वागत जोरात झालं. मी उभी राहून सगळं सांगितलं. गोळी म्हणजे काय, तिनं झिंग का येत नाही, ती एकाएकी सोडली तर जीव कसा जाऊ शकतो, आणि औषध घेणं हा त्याचा हक्क आहे, तो गावानं सभेत ठरवायचा विषय नाही.

एक पागोटेवाले आजोबा म्हणाले, "हक्क हक्क म्हनता, पर पोरं बघत्यात की आमची. उद्या म्हनत्याल, गर्द वढला तर सरकार गोळी बी देतंय."

मी म्हटलं, "आजोबा, पाय मोडला की सरकार प्लॅस्टर देतं, म्हणून पोरं पाय मोडून घेतात का?"

सगळे हसले. आजोबाही हसले. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात भाऊसाहेब उठले, माझ्या कार्याविषयी चार चांगले शब्द बोलले, मला शाल आणि नारळ दिला, टाळ्या वाजल्या आणि सभा संपली. माझा इतका मान कुणी केला नव्हता, आणि माझं इतकं थोडं कुणी ऐकलंही नव्हतं. नारळ हातात धरून मी तिथेच उभी राहिले. फक्त देवळातला म्हातारा गुरव माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "देवाचं काय म्हननं न्हाई बाई. मंडळाचं हाय."

मी अंकुशच्या घरी गेले. तो रानात गेला होता. शेवंताबाई अंगणात लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून एक गड्डा घेतला. बराच वेळ दोघी सोलत राहिलो. ऊन कलत होतं, लिंबाची सावली अंगणभर हलत होती, आणि मला वाटायला लागलं की मी इथे खूप आधीही कधीतरी आले आहे.

मी म्हटलं, "शेवंताबाई, तुमची शपथ तुम्हीच उतरवू शकता. सुटली म्हणा."

शपथ घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटलं की शपथ उतरते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. माझ्या आईनं मला एकदा कच्च्या चिंचा न खाण्याची शपथ घातली होती, तर "सुटली म्हण, सुटली म्हण" करत मी दिवसभर तिच्या मागे फिरले होते. दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. ज्यानं घातली त्यानंच म्हणायला लागतं.

तिचे हात थांबले नाहीत. "ह्येच्या बापानं बी भंडारा उचलून दारू सोडली हुती. पोळ्याला पेला, आन् घट बसायच्या आत गेला. शपथ मोडली की आसं हुतं, ताई. मी डोळ्यांनी बघितलंय."

यावर लिव्हरविषयी व्याख्यान देण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "म्हणूनच मोडू नका. उतरवा. मोडणं वेगळं, उतरवणं वेगळं."

"आन् म्या सुटली म्हनलं, आन् ह्यो परत गर्दाला लागला तर? तुमी लिहून देता का, परत न्हाई वढनार म्हनून?"

"नाही देत."

आता तिचे हात थांबले. "भाऊसायब म्हनत्यात, शपथेनं शंभर टक्के सुटल. कीर्तनाचे बुवा आल्ते, ते म्हनले हमखास. तुमी एकल्याच म्हनता सांगता येत न्हाई?"

"खरं ते सांगते. घसरेलही एखादे वेळी. पण गोळी चालू असली तर जगायची आशा पुष्कळ जास्त आहे. जगला तर बाकीचं बघता येईल, शेवंताबाई. मला तुमचा मुलगा आधी जिवंत हवाय. सुधारलेला नंतर चालेल."

हे बोलताना मी तिचा लसणाचा हात धरला. समुपदेशकानं असं करू नये असं प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. तिनं पदरानं आपले डोळे पुसले आणि जरा वेळानं वेगळंच विचारलं.

"तितं काय करत्यात त्येला? बांधून ठिवत्यात व्हय?"

मी तिला बाकडं सांगितलं. चादरींचा उजेड सांगितला. तोंड मिटून बसणं, सिस्टरची बॅटरी, आणि डोळे मिटून मांडीवर गाडी चालवणारा तिचा लेक. विळद, राहुरी, फॅक्टरी. ती ऐकता ऐकता हसायला लागली, मग हसणं थांबलं.

"घरी पोचतो का?"

"नाही अजून. पुलावर आला की गोळी संपते."

ती पुलाच्या दिशेनं बघत राहिली. निघताना तिनं सोललेला सगळा लसूण माझ्या पिशवीत घातला.

त्यानंतर मी रोज बाकड्याच्या खिडकीकडच्या टोकाकडे बघायची. ती जागा इतरांनी आपोआप रिकामी सोडली होती. फोन वाजला की पहिल्या घंटीलाच उचलायची.

अंकुशचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको. तो आहे. टेम्पो चालवतो, बायको परत आली. मध्ये एकदा घसरला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन आम्हाला सांगितलं. आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात. भाऊसाहेबांचा फ्लेक्स उन्हानं विटून गेला. गावात आता कुणी गोळीवर असलं तर त्याविषयी फारसं बोलत नाहीत, आणि न बोलणं हीसुद्धा कधीकधी माणुसकी असते. मी निवृत्त झाले त्या दिवशी मात्र मला यांतलं काही आठवलं नाही. आठवली ती एकच सकाळ.

त्या सकाळी केंद्र नुकतंच उघडलं होतं. दारात शेवंताबाई उभी होती, धुवट नऊवारी, डोक्यावर पदर, हातात टेम्पोची किल्ली. मागे अंकुश. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. पण तो आला होता. किल्ली आईनं काढून घेतली होती, म्हणून दोघं बसनं आले होते. त्या धाब्यावर तो उतरला नव्हता.

डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं आणि पुन्हा कमी मापापासून सुरुवात करायचं ठरवलं. सिस्टरनी गोळी कुटली. अंकुश बाकड्यावर आपल्या जागी बसला, पण तोंड उघडेना. मान खाली. सिस्टर गोळी घेऊन तशाच उभ्या. बाकीचे आठ-दहा जण जिभेखाली गोळी धरून बसलेले, त्यांना काही बोलता येत नव्हतं, पण सगळे त्याच्याकडे बघत होते.

शेवंताबाईनं पदराची गाठ सोडली. आत भंडारा होता. "गुरवाकडून आनलाय," ती म्हणाली. "त्यो म्हनला, देवाला औषदाचं वावडं न्हाई." तिनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मग सिस्टरच्या, मग माझ्या, आणि गोळी कुटायच्या खलबत्त्यालाही लावला.

ती वाट बघत होती. माझ्या ध्यानात आलं, की त्यानं मागितल्याशिवाय ती म्हणणार नाही. आणि त्याला मागायची लाज वाटत होती. पंखा कुरकुरत होता.

शेवटी तो मान खालीच ठेवून, अगदी लहान पोरासारखा म्हणाला, "आये, सुटली म्हन."

"सुटली," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, जणू दाराबाहेर उभ्या असलेल्या कुणाला ऐकू जावं म्हणून, पुन्हा म्हणाली, "सुटली!"

अंकुशनं तोंड उघडलं.

गोळी जिभेखाली गेली तशी शेवंताबाई त्याच्या शेजारी बाकड्यावर बसली आणि तिनंही ओठ मिटून घेतले. डोळेसुद्धा मिटले. खिडकीतून तोच पांढरा उजेड येत होता. अंकुशचे हात हलायला लागले. डावीकडे, उजवीकडे, एक हात खाली. मीही डोळे मिटले. विळद घाट उतरला, राहुरी गेली, फॅक्टरीची चिमणी गेली. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती.

सिस्टरच्या चपला वाजल्या तेव्हा मी डोळे उघडले. "आ करा. जीभ वर." त्यांनी ओळीनं एकेकाच्या तोंडात बॅटरी मारली. अंकुशचं झालं. शेजारी शेवंताबाईनंही आ केला आणि जीभ वर उचलली. सिस्टर क्षणभर थांबल्या. मग अजिबात न हसता त्यांनी तिच्याही तोंडात उजेड टाकून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "झालं. छान."

माझा रोजचा प्रश्न माझ्या ओठांवर होता, पण शेवंताबाईनंच तो आधी विचारला.

"कुठवर आलास रं?"

"पुलावर."

"आन् घरी न्हाई आला?"

अंकुशनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं. "तू तं हितं हायेस," तो म्हणाला. "मंग घरी कुनाकडं जाऊ?"